पहिल्या मोहिमेची सॅक: नव्या एजंटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात पाचपाखाडीच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आमचं टेबल भरतं. खेळ गर्प्स, म्हणजे प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा रोल-प्लेइंग गेम; चौथी आवृत्ती, २००४ची. आमची पात्रं म्हणजे एजंट. काळ आजचा, मोहिमा कळव्यापासून उरणपर्यंत कुठेही. पात्राचे गुण आणि कौशल्यं नवा माणूस तासाभरात ठरवतो. सामानाच्या यादीवर मात्र अख्खा रविवार घालवतो आणि तरीही पहिल्याच प्रसंगात कपाळाला हात लावतो. ग्रुपवर तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली. काही नियमपुस्तकातली आहेत, काही आमच्या टेबलची, आणि एकदोन निव्वळ माझी मतं.

सुरुवातीला पैसे किती मिळतात?

आजच्या काळातल्या पात्राला पुस्तक २०,००० डॉलर देतं. पण ज्याचं घरदार, नोकरी, गाडी असं सगळं मार्गी लागलेलं आहे, त्याचे ८० टक्के त्यातच अडकलेले धरायचे. सामानासाठी हातात उरतात ४,०००. हिशोब आम्ही डॉलरमध्येच ठेवतो. एकदा रुपयांत केला होता, तेव्हा अर्धा तास डॉलरच्या भावावर आणि पुढचा अर्धा तास जीएसटीवर गेला.

दर वर्षी एखादा हुशार निघतोच: "माझं पात्र बेघर आहे, मला पूर्ण वीस हजार द्या." देतो की. मग सामान ठेवणार कुठे तेही सांग. कळवा स्टेशनच्या पुलाखाली?

सगळ्यात आधी काय घ्यावं?

टॉर्च. हे वाचून सगळे हसतात. हसू दे.

गर्प्समध्ये तीन फाशांची बेरीज कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी यावी लागते. नेमबाजी १२ असेल तर जमण्याची शक्यता ७४ टक्के. आता गोदामातले दिवे गेले आणि जीएम, म्हणजे खेळ चालवणारा गेममास्टर, म्हणाला, अंधाराचे उणे ४. आकडा आला ८वर, शक्यता २६ टक्क्यांवर. म्हणजे चारातले तीन बार जमायचे, तिथे आता चारातला एक जमतोय, आणि बंदूक तीच आहे. मिट्ट काळोखाला उणे १० असतात. तिथे फासे टाकण्यापेक्षा समोरच्याच्या पाया पडलेलं बरं. यातला बराचसा तोटा भरून काढणारी वस्तू यादीत अगदी स्वस्त असते आणि तिच्यासाठी कुठलं कौशल्यही लागत नाही.

रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आमचे चार एजंट शिरले होते. चौघांकडे मिळून तीन रायफली, टॉर्च शून्य. शेवटी एकाने मोबाइलचा दिवा लावला. नेमका त्याच क्षणी टेबलावर त्याचा खराखुरा फोन वाजला. आईचा. "जेवायला किती जण आहात?" जीएमने शांतपणे सांगितलं की हा फोन शेडमध्येही वाजला आहे, फुल आवाजात. तेव्हापासून आमच्या टेबलवर फोन सायलेंट ठेवायचा नियम आहे, टेबलावरचाही आणि पात्राच्या खिशातलाही.

टॉर्च दोन घ्या, सेल जास्तीचे घ्या. आणि पेटवलेली टॉर्च म्हणजे समोरच्याला दिलेला आपला पत्ता, तेव्हा ती छातीशी धरून उभे राहू नका.

बरं, पण बंदूक कुठली?

आधी कौशल्य बघा, मग बंदूक. पिस्तूल शिकलेल्या पात्राने रायफल उचलली तर साधारण उणे २ बसतात. बंदुकीचं काहीच शिकला नसेल तर चपळाईच्या आकड्यातून ४ वजा करून नशिबाला कौल लावायचा. तरीही नवा खेळाडू यादीत सगळ्यात लांब नळीची वस्तू शोधतो.

अंतराचं गणित बघा. ५ यार्डांवर उणे २, १० यार्डांवर उणे ४, १०० यार्डांवर उणे १०. आमच्या मोहिमांतली बहुतेक भांडणं सोसायटीच्या जिन्यात, चाळीच्या गॅलरीत किंवा गोदामातल्या दोन रॅकच्या मधल्या बोळात होतात. तिथे ५ यार्डसुद्धा मोप. रायफलची अचूकता मोठी असते हे खरं, पण तो आकडा मिळवायचा तर एक सेकंद स्थिर उभं राहून नेम धरावा लागतो. जिन्यात एक सेकंद स्थिर उभा राहिलेला एजंट पुढच्या रविवारी नवीन पात्र बनवत बसलेला असतो. शिवाय लांब हत्याराचा 'बल्क' नावाचा आकडा वाईट असतो. धावता धावता बार काढताना तो आडवा येतो आणि हत्यार लपवतानाही. येऊरच्या जंगलात दूरवरून पहारा द्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एकाने रायफल घ्यावी. एकाने.

आपोआप चालणाऱ्या हत्याराचा मोह असेल तर एक भागाकार करून बघा. मिनिटाला ६०० गोळ्यांचा वेग आणि मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. घोडा दाबून ठेवला तर ३ सेकंदांत बोऱ्या वाजतो.

आता आपल्याकडची गोम. तुमचं पात्र सरकारी नसून परवानाधारक नागरिक असेल, तर ९ मिलिमीटरचं पिस्तूल यादीत लिहू नका. भारतात ते निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे नागरिकांना मनाई असलेल्या नळीच्या मापात येतं. नागरिकाला सहसा मिळतं ते ०.३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर नाहीतर पिस्तूल. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. आमच्यातली एक मैत्रीण वकील आहे. चुकीची यादी दिसली की ती पात्राला पहिल्याच प्रसंगात कोर्टात उभं करते, आणि जीएम तिला अडवत नाही.

किती वजन उचलता येतं? हा हिशोब खरंच करायचा का?

करायचा. हा एकच हिशोब आहे ज्यात आम्ही सूट देत नाही.

ताकद १० असलेलं पात्र साधारण ९ किलोंपर्यंत सामान बिनबोभाट वाहतं. १८ किलोंपर्यंत हलका बोजा, २७पर्यंत मध्यम, त्यापुढे ५४पर्यंत जड. प्रत्येक पायरीला पळण्याचा वेग घटतो आणि चुकवण्याचा आकडा, म्हणजे डॉज, एकाने उतरतो. डॉज १० असेल तर गोळी चुकवण्याची शक्यता ५० टक्के. हलक्या बोज्याने ती ३७-३८वर येते, मध्यम बोज्याने २६वर. "असू दे, कामाला येईल" म्हणत सॅकमध्ये कोंबलेल्या दहा-बारा किलोंची ही किंमत.

पण आकड्यांनी कुणाला पटत नाही. म्हणून एका उन्हाळ्यात मी रद्दीवाल्याचा लटकता काटा तासाभरासाठी मागून आणला. इन्सास रायफल रिकामी असताना चार किलोंच्या आसपास भरते, तिच्या जागी चार किलो कोलम तांदूळ. तिची ५.५६ मिलिमीटरची एक गोळी साधारण १२ ग्रॅम, म्हणजे १२० गोळ्यांसाठी जवळपास दीड किलो जुने दिवाळी अंक. पाण्याच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या. प्लेटा घातलेल्या जॅकेटसाठी भावाचे आठ किलोंचे डंबेल्स. सॅक हुकाला लावली तेव्हा काटा अठराच्या जवळ जाऊन थरथरत राहिला. नियमपुस्तकाच्या भाषेत हा 'हलका बोजा'.

लिफ्ट सोडून सात मजले चढायला घेतले. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी कमांडो होतो. पाचव्यावर सॅकचे पट्टे खांद्यात रुतले आणि समोरून कुणी आलं असतं तर मी हात वर करून शरण गेलो असतो. सातव्यावर आई दार उघडून उभी: "तांदूळ कुठे निघालेत?" त्या दिवसानंतर मी स्वतःच्या पात्राचं अर्धं सामान काढून टाकलं.

तुम्हीही एकदा करून बघा. गुडघे धड असतील तरच.

बुलेटप्रूफ जॅकेट घेतलं की सुरक्षित ना?

कशापासून, त्यावर आहे. कपड्याखाली घालायचं मऊ जॅकेट, ज्याला जुन्या अमेरिकन मानकात लेव्हल तीन-ए म्हणतात, पिस्तुलाच्या गोळीसाठी बनवलेलं असतं. रायफलची गोळी त्यातून आरपार जाते. तिच्यासाठी कडक प्लेटा लागतात, आणि प्लेटा आल्या की वरचा काटा आठवा. हात, मांड्या आणि चेहरा तसेही उघडेच राहतात.

माझं मत विचाराल तर मऊ जॅकेट घ्या आणि वर सैल शर्ट. मे महिन्यात ठाण्यात दुपारी कुणी जाड जाकीट घालून फिरत असेल तर त्याच्याकडे फक्त शत्रूच नव्हे, रिक्षावालाही वळून बघतो. आमचा जीएम घामासाठी दमणुकीचे गुण कापतो, आणि योग्यच करतो.

सायलेन्सर?

सिनेमातल्यासारखा 'फुस्स' आवाज येत नाही. बंदुकीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, सायलेन्सर त्यातले वीस-तीस कमी करतो. उरतो तो आवाजही शेजारच्या फ्लॅटमध्ये आरामात ऐकू जातो. त्यात गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर तिचा हवेतला कडाका वेगळाच, त्यावर सायलेन्सरचा काही इलाज चालत नाही. आवाज लपवायचा असेल तर गणपतीतली मिरवणूक निवडा. फुकट आहे.

वॉकीटॉकी हवी की मोबाइल पुरे?

दोन्ही, आणि दोन्ही बंद पडल्यावर काय करायचं याची आधी ठरवलेली खूण. मोबाइल टॉवरवर जगतो आणि मागे नोंद ठेवतो. वॉकीटॉकीला टॉवर लागत नाही, पण मोकळ्या मैदानात मिळणारा पल्ला सिमेंटच्या इमारतीत पार आक्रसतो.

पारसिकच्या बोगद्यातली मोहीम आमच्याकडे अजून निघते. १९१६चा बोगदा, लांबी सुमारे १.३ किलोमीटर, वर अख्खा डोंगर. दोघं कळव्याच्या बाजूला, दोघं मुंब्र्याच्या बाजूला, मध्ये एक जण संशयिताच्या मागे. त्याच्या हातात यादीतला सर्वात महागडा रेडिओ होता. बोगद्यात शिरल्यावर त्याच्या मते तो रेडिओ म्हणजे "पाव किलोची वीट" झाला. बाहेरच्या चौघांना तो जिवंत आहे की नाही हेही कळेना. खिशातल्या पांढऱ्या खडूने भिंतीवर खुणा करायचं त्यांनी आधी ठरवलं असतं तर बरं झालं असतं. आता आमच्या प्रत्येक यादीत खडू असतो.

सॅटेलाइट फोन घेऊ का, असं विचारणाऱ्यांना: भारतात तो परवानगीशिवाय बाळगणं हाच गुन्हा आहे. पिशवीत सापडला तर पुढची मोहीम पोलीस ठाण्यात.

ड्रोन?

२५० ग्रॅमच्या आतला नॅनो घ्या, तोही फार तर एक. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावर लाल, पिवळे आणि हिरवे पट्टे आहेत, म्हणजे कुठे बंदी, कुठे परवानगी घेऊन, कुठे मोकळीक, आणि नवी मुंबईत आता विमानतळ आहे. शिवाय ड्रोन चालवणारा माणूस पडद्यात डोकं घालून उभा असतो, त्याच्या पाठीशी दुसरा हवा. पावसाळी मोहिमेत पैसे वाया.

औषधपेटीवर खर्च करावा का? आमच्यात डॉक्टर कुणीच नाही.

म्हणूनच करावा. साधी प्रथमोपचार पेटी कौशल्याला अधिक १ देते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हातापायाचा रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा, टूर्निके. मांडीची मोठी धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, ॲम्ब्युलन्स घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये असते. पट्टा जखमेच्या वरच्या बाजूला आवळायचा आणि किती वाजता बांधला ते लिहून ठेवायचं. आम्ही कॅरेक्टर शीटच्या कोपऱ्यात खरोखरची वेळ लिहितो.

हा पट्टा प्रत्येकाकडे, प्रत्येकाच्या एकाच खिशात. डाव्या म्हटलं तर सगळ्यांच्या डाव्या. जखमीचं सामान चाचपत बसायला वेळ नसतो.

मोहीम खाडीत आहे. वेगळं काय लागेल?

बंदुका कमी, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक. ते फुकट मिळतं आणि तरी कुणी घेत नाही.

एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. भरतीला ऐरोलीच्या बाजूने होडी घालून तिवरांत शिरलात आणि ओहोटी लागली, की होडी चिखलात बसते. मग उतरून चालावं म्हणाल तर पहिल्या पावलाला घोटा, दुसऱ्याला गुडघा. गमबूट घातले असतील तर पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. आमच्या एका एजंटने तिवरांत दोन्ही बूट, एक मॅगझिन आणि बरीचशी इज्जत घालवली आहे. घट्ट बांधता येणारे जुने कॅनव्हासचे बूट चालतात. फोन, कागद, पट्ट्या यांच्यासाठी पाणी न शिरणारी पिशवी, आणि वीस मीटर नायलॉनची दोरी.

खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५पासून, आणि २०२२मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात चिखलावर हजारोंनी पक्षी बसलेले असतात. तुम्ही कितीही दबकत चाला, थवा उठला की पलीकडच्या काठावरच्यालाही कळतं की कुणीतरी आलंय. यावर यादीतलं कुठलंही उपकरण चालत नाही. चालतो तो ओळखीचा नाखवा, ज्याला कुठल्या वेळी कुठून जायचं ते ठाऊक आहे. त्याला 'कॉन्टॅक्ट' म्हणून, पात्र बनवायला मिळालेले गुण खर्चून विकत घ्या. माझ्या मते रात्री दिसणाऱ्या चष्म्यापेक्षा तो कितीतरी जास्त कामाचा.

कपडे आणि सॅक यांवरही पैसे घालवायचे?

मी तर म्हणेन निम्मे तिथेच घालवा. काळी पँट, काळा टी-शर्ट, काळी सॅक आणि कमरेला दहा खिसे, असा माणूस ठाणे स्टेशनवर उभा राहिला तर तिकीट तपासनीसही त्याच्यापासून लांब उभा राहील. सामान निवडताना मी एकच चाचणी लावतो: हे घेऊन सकाळी साडेआठच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये चढता येईल का? आणि ऐरोलीला उतरता येईल का, जे जास्त अवघड आहे. लोकलमध्ये निभावलं तरी मॉलच्या दारात किंवा मेट्रोत पिशवी उघडायला सांगितली तर?

म्हणून प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना ठेवा: 'विचारलं तर काय सांगणार'. ऐरोली पुलावरच्या नाकाबंदीचा प्रसंग आमच्याकडे असा झाला होता. हवालदार अर्थात जीएम.

"काय रे, कुठे निघालास एवढ्या पहाटे?"

"साहेब, वाशी मार्केटला. हापूसच्या पेट्या उतरवायला."

"बरं. आणि हे जॅकेट कशाला? आंबे अंगावर येतात काय?"

त्याच टीममधल्या दुसरीने मात्र स्कूटीवर जेवणाच्या डब्यांची पिशवी लावली होती, वरच्या दोन डब्यांत खरोखर भाजी-पोळी, खालच्यात रेडिओ. तिने हवालदाराला वेळ झालाय म्हणून उलट दटावलं आणि निघून गेली. खर्च जेमतेम ३० डॉलर.

सगळ्यांनी सगळं घ्यायचं की वाटून?

टॉर्च, पट्टा, पाणी आणि खडू प्रत्येकाकडे. बाकीचं वाटून. यादी भरण्याआधी एकमेकांना फोन करा. एका मोहिमेत कुलूप उघडायचे चार संच निघाले आणि दोरी एकाकडेही नाही.

आम्ही फोर्स वनचे कमांडो होऊ शकतो का?

होऊ शकता. महाराष्ट्र पोलिसांचं ते दल २६/११नंतर उभं राहिलं. पण मग हत्यारं शस्त्रागारातून येतील, सहीशिक्क्याने, आणि प्रत्येक गोळीचा हिशोब द्यावा लागेल. खरेदीची मजा गेली. निवड हवी असेल तर निवृत्त अधिकारी, पत्रकार किंवा कस्टमवाला बना.

टेबलवर नकली पिस्तूल आणलं तर वातावरण तयार होईल ना?

नको. मीच एकदा भाच्यासाठी घेतलेलं प्लास्टिकचं पिस्तूल सॅकमध्ये ठेवून खेळाला निघालो, आणि वाटेत एका मॉलमध्ये फक्त चार्जर घ्यायला शिरलो. दारावर सॅक उघडली. पुढची चाळीस मिनिटं मी एका छोट्या खोलीत तीन गार्डांना शक्ती, चपळाई आणि फासे म्हणजे काय ते समजावत होतो. सॅकमध्ये कॅरेक्टर शीटही होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: "लक्ष्य: मॉल, मागचं दार". ते वाचल्यावर त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क माणसाने आधी पाणी मागवलं, माझ्यासाठी की स्वतःसाठी ते कळलं नाही.

पेन्सिल आणा. खोडरबर आणा.

काही विसरलं तर मोहिमेच्या मध्यात घेता येतं का?

दुकान उघडं असेल तर. दिवसा जांभळी नाक्याच्या बाजारात दोरी, टॉर्च, रेनकोट, कुलपं, गोणपाट, सगळं मिळतं, जीएम फासेही टाकायला लावत नाही. फक्त जाण्यायेण्याचा अर्धा तास धरतो, शनिवारी संध्याकाळी एक तास. रात्री दोन वाजता औषधाच्या दुकानात मिळेल तेवढंच. बंदूक, गोळ्या, जॅकेट असलं काही मध्येच मिळत नाही, ओळख असली तरी.

आजवर मध्येच सगळ्यात जास्त वेळा घेतलेली वस्तू चिकटपट्टी आहे. दुसऱ्या नंबरवर छत्री, आणि तीही जूनमध्ये, जेव्हा ती यादीत आधीच असायला हवी होती.